चौकाची उजवी कड

आई गेली. तिचे दिवस झाले त्याच्या दुसऱ्या रविवारी मला बंगल्यावरून बोलावणं आलं.

कर्जतहून कोंडाण्याकडे जाताना तो बंगला लागतो. आईनं तिथं जन्मभर लादी पुसली. मी खोपोलीच्या शाळेत मराठी शिकवते. बंगल्याच्या धाकट्या ताई दारात उभ्या होत्या. माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "चपला बाहेर काढ गं." आत त्यांचा वकील बूट घालून सोफ्यावर बसला होता. मी चपला काढल्या. हे आधीच लिहून ठेवते.

समोर भिंतीवर ते चित्र होतं. जाड तांबूस कागदावर पांढऱ्या रेघांनी काढलेला लग्नाचा चौक. खाली पितळी पट्टी, तिच्यावर एका गोऱ्या साहेबाचं नाव. काढणारीचं नाव नाही.

काढणारी माझी आजी. आईची आई. बुधी.

आम्हा ठाकरांच्या घरी लग्नात सवाष्णी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक काढतात. लग्न झालं की शेणानं सारवून टाकतात. तो ठेवायचा नसतो. तो पट्टीवरचा साहेब जंगलखात्याचा, याच बंगल्यात राहायचा. त्यानं एका लग्नघरी तो पाहिला आणि गार्ड पाठवून आजीला बंगल्यावर आणवलं. कागदावर काढ म्हणाला. लाकूडफाटा त्याच्या हातात, गुरांचं चरणं त्याच्या हातात. आजीनं काढला. पण उजवी कड बंद केली नाही. आमच्या घरच्या बायकांची ती रीत. कड बंद केली की देवी बसली. लग्न नसेल तर देवीला बसवायचं नाही.

इंग्रज गेले तेव्हा साहेब बंगला विकून गेला. चित्र भिंतीवरच राहिलं. घेणारे मुंबईचे, ताईंचे आजोबा. पुढं आई तिथं कामाला लागली.

मी चौथीत होते. सुट्टी होती म्हणून आईबरोबर गेले. ताईंच्या आई, बाईसाहेब, पाहुण्यांना चित्र दाखवत होत्या. म्हणाल्या, "ही कड बहुतेक उंदरांनी खाल्लीय."

मी म्हणाले, "उंदरांनी नाय. माझ्या आजीनं उघडी ठेवलीय. तिनंच काढलाय तो."

सगळे हसले. एक पाहुणा म्हणाला, "वा! बंगलासुद्धा आजीनंच बांधला असेल." बाईसाहेब हसल्या नाहीत. "कुणी शिकवलं हे तुला? आईनं?"

आई फडकं घेऊन उभी होती. तिचं काम जाणार, एवढं मला कळलं.

"मी खोटं बोलले."

"मोठ्यानं बोल."

"मी खोटं बोलले."

आई म्हणाली, "पोर हाय, बाई. तिला काय कळतंय."

घरी येताना वाडीच्या चढावर आई एवढंच म्हणाली, "कड बराबर बघितलीस गं." पुन्हा त्यावर आम्ही बोललो नाही. मी शिकले. पुस्तकं वाचली. मुलांना खरं बोलायला सांगितलं. ते वाक्य मात्र कधी मागे घेतलं नाही. आई होती तोवर वेळ होता.

आता बाईसाहेब नाहीत. चित्रावरून त्यांचा मुलगा आणि ताई कोर्टात गेलेत. ताईंचं म्हणणं, ते माझ्या आजीनं त्यांच्या आजोबांना भेट दिलं, आजोबांनी ताईंना. म्हणजे त्यांना आता माझी आजी हवी होती. वकिलानं टाइप केलेला कागद पुढं सरकवला. 'सदर आदिवासी स्त्रीने स्वखुशीने', असं त्यात होतं.

"सही कर," ताई म्हणाल्या. "तुझी आई आम्हाला घरच्यासारखी होती."

"तिचा कप मोरीच्या खिडकीत असायचा, ताई."

मी चित्राजवळ गेले. उजवी कड बंद होती. नव्या, सरळ, पांढऱ्या रेघेनं.

"ते दादानं मुंबईहून दुरुस्त करून आणलं. बरीच वर्षं झाली."

म्हणजे आईनं ते रोज पाहिलं. घरी कधी बोलली नाही. कुणाला सांगणार होती? 'मी खोटं बोलले' म्हणणारीला?

मी कागद उलटा केला आणि पाठीवर लिहिलं: हा चौक बुधी नावाच्या ठाकर बाईनं काढला. तिला गार्ड पाठवून आणलं होतं. तिनं तो कुणालाही दिला नाही. बंद केलेली कड तिची नाही. मी तिच्या मुलीची मुलगी. लहानपणी याच खोलीत मी हे खरं सांगितलं आणि मग ते खोटं आहे म्हणाले. खाली मी सही केली.

ताईंनी वाचलं. "याचा मला काय उपयोग?"

"तुम्हाला नाही."

"मग तुला काय हवंय? चित्र? घरी लावणार आहेस?"

"नाही. सारवणार आहे."

वकील हसला. ताई म्हणाल्या, "डोकं फिरलंय हिचं." मी बाहेर येऊन चपला घातल्या.

कोर्टात मी वेगळा अर्ज दिला आहे. त्यात आजीचं नाव आहे. चित्र अजून त्याच भिंतीवर आहे, कड बंद. तारीख लागेल तेव्हा मी उभी राहीन आणि मोठ्यानं बोलेन. ऐकायला आई नाही.