भट्टीबाईंचं कळकट चेंबर

सकाळी प्रयोगशाळेतल्या तिच्या खोलीत शिरल्यावर माझी आत्या आधी दिवा लावायची नाही. अंधारातच यंत्राच्या मागे जाऊन काचेच्या झरोक्याला डोळा लावायची आणि मनात दहा आकडे मोजायची. आतला जांभळा उजेड थरथरला नाही, तरच दिवा, मग अंगावर कोट, मग चहा. अठरा वर्षांत हा क्रम बदलला नाही.

तिचं काम धातूच्या आयनांचा झोत तयार करण्याचं. एका बंद चेंबरमधली हवा पंपाने उपसून त्यात थोडासा वायू सोडायचा आणि तो सूक्ष्मलहरींनी पेटवायचा, म्हणजे त्याचा जांभळा चमकणारा प्लाझ्मा होतो. बाजूला बोटाएवढी भट्टी. तिच्यात निकेल तापवून त्याची वाफ जराजराशी त्या प्लाझ्मात सोडायची. तिथे निकेलच्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडतात, आणि उरलेले आयन विजेच्या जोरावर ओढून पलीकडच्या दालनात पाठवायचे. वाफ जास्त झाली की प्लाझ्मा विझतो, कमी झाली की झोत मरतो. वर्कशॉपमधला टर्नर येता-जाता विचारायचा, “काय भट्टीबाई, आज काय शिजतंय?” ती मान वर न करता सांगायची, “निकेल. चौदाशे डिग्रीवर आहे, फुंकून खा.” घरी आतोबांचं वेगळंच. घरचं दूध रोज उतू जातं आणि बाईसाहेब तिकडे धातू मंद आचेवर ठेवतात, असं ते येईल त्या पाहुण्याला ऐकवत.

पाच-सहा आठवडे यंत्र सलग चाललं, की चेंबरच्या आतल्या भिंतींवर करडा, काळपट थर बसतो. दिसायला अगदी कळकट. पण तो बसला की प्लाझ्मा शांत होतो आणि झोत भरपूर आणि स्थिर येतो, हे आत्याला अनुभवाने ठाऊक होतं. ‘थर पुसू नये’ एवढी एक ओळ सूचना-पुस्तकात घाला, असा अर्ज तिने दोनदा दिला होता. पहिल्यांदा ‘निरीक्षणास आधार काय?’ असा शेरा मारून तो परत आला. दुसऱ्यांदा आलाच नाही. आत्याकडे पदवी नव्हती, नुसता डिप्लोमा होता. पुस्तकात दर तपासणीआधी चेंबर स्वच्छ करावं, असं ठळक अक्षरांत छापलेलं राहिलं.

त्या वर्षी हे यंत्र ठेवायचं की मोडीत काढून बाहेरून तयार यंत्र आणायचं, ते ठरवायला समिती येणार होती. अट सरळ होती. आठ तास, न ढळता, दोनशे मायक्रोअँपिअरचा झोत. आत्याचं यंत्र तेव्हा दोनशे दहा देत होतं. समिती मंगळवारी येणार, म्हणून आधीच्या गुरुवारी-शुक्रवारी तिने निश्चिंत मनाने रजा टाकली. आतोबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

शनिवारी ती आली तेव्हा झरोक्यात उजेडच नव्हता. चेंबर उघडून टेबलावर ठेवलं होतं. विभागाचे नवे साहेब बाह्या सरसावून उभे होते, हातात पॉलिश पेपर.

“या बाई. दोन दिवस घासतोय. बघा, तोंड दिसतंय त्यात.”

आत्याने आत पाहिलं. खरंच दिसत होतं.

“साहेब, ती घाण नव्हती,” ती म्हणाली. “तो सहा आठवड्यांचा थर होता.”

“पुस्तकात तर स्वच्छ करा असं लिहिलंय.”

“हो. लिहिलंय.”

साहेब वाईट नव्हते, हेच तिला जास्त लागलं. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. तिने सहा आठवड्यांची मुदत मागितली. समितीतल्या सगळ्यांची तिकिटं काढून झालीत, आता शब्द फिरवता येणार नाही, असं ते ओशाळून म्हणाले. तीन दिवस तिने वायू बदलून पाहिला, भट्टी पाच-पाच डिग्रींनी चढवली, उतरवली. झोताचा काटा सत्तरच्या वर सरकेना. आपण दारावर साधी चिठ्ठी लावायला हवी होती, असं घरी ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शेवटी डोळ्याला पट्टी बांधलेले आतोबा वैतागून म्हणाले, “अठरा वर्षं तोंडाने सांगितलंस ते कुणी ऐकलं नाही, चिठ्ठी कोण वाचणार होतं?”

मंगळवारी समितीसमोर तिसऱ्या तासाला ठिणगी पडली आणि काटा शून्यावर आला. समितीतल्या एका सौम्य गृहस्थांनी आत्याला विचारलं, या यंत्राचं रीतसर प्रशिक्षण झालंय का तुमचं? आत्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब कागद चाळत होते. यंत्र पुढच्या महिन्याच्या अखेरीस बंद करावं, असा निर्णय चार दिवसांत आला.

आत्याने मात्र ते चालूच ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात थर धरायला लागला. मुदत संपायला दोन दिवस उरले असताना झोत दोनशे तीनवर गेला आणि अकरा तास जागचा हलला नाही. तिने साहेबांना बोलावलं. ते काट्याजवळ वाकले.

“छान,” ते म्हणाले. “नोंद करून ठेवा.”

तिने नोंद केली. तारीख, वेळ, भट्टीचं तापमान, झोत. शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहायला घेतलं आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

शेवटच्या दिवशी बटण तिनेच बंद केलं. टर्नर दारात उभा होता. कोट काढून तिने हातावर घेतला, किल्ल्या त्याच्याकडे दिल्या.

“पंप अजून गरम आहे. थंड व्हायला तासभर पाणी चालू राहू द्या, मग नळ बंद करा.”