मोठ्या खोलीतली पावडर

निकिफोरच्या मोठ्या खोलीत इटलीहून आलेली धुण्याची पावडर देवाच्या तसबिरीपर्यंत रचलेली होती, आणि त्याच्या अंगातला शर्ट मात्र राखेच्या रंगाचा. यावरून आमच्या गावानं त्याची काय कमी थट्टा केली? पण गडी नुसता हसायचा.

आमच्याकडे प्रत्येक घरात एक मोठी खोली असते. तिथे चूल पेटत नाही आणि घरचं कुणी झोपत नाही. भिंतींवर लोकरीचे गालिचे, पलंगावर नवरीबरोबर आलेल्या उशांचा छताला टेकणारा ढीग, कोपऱ्यात देव. लग्नात नवरी तिथे बसते, मेलेलं माणूस तिथे ठेवतात, आणि फारच मानाचा पाहुणा आला तर त्याचं अंथरूण तिथे पडतं. घरचे लोक बिचारे मागच्या चुलीच्या खोलीत दाटीवाटीनं राहतात. वेडेपणाच म्हणायचा, दुसरं काय! पण ती खोली नसेल तर त्याला घर म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

निकिफोरची बायको तेक्ला सहा वर्षांपूर्वी इटलीला गेली. मुलीला राजधानीत, किशिनावला, शिकायला ठेवलं होतं, छप्पर गळत होतं, आणि द्राक्षांना भाव म्हणाल तर न विचारलेलाच बरा. पादोव्हा शहरात अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीचं, सिन्योरा आदेले म्हणजे आदेलेबाईंचं, ती सगळं करायची. मध्ये एकदाच आली, आई गेली तेव्हा, तीसुद्धा माती पडेपर्यंतच. बाकी दर महिन्याला यायचं ते तिचं खोकं. इटलीला ये-जा करणारा मिनीबसवाला मितिका ते फाटकाशी उतरवून द्यायचा. खोक्यात कॉफी असायची, ऑलिव्हचं तेल असायचं, आणि न चुकता पावडरीचं एक जाडजूड पाकीट.

"तुमच्या दुकानातली पावडर म्हणजे नुसता खडू," तेक्ला फोनवर सांगायची. "ही वापर. माणसासारखा राहा जरा."

निकिफोर "बरं" म्हणायचा आणि पाकीट दोन्ही हातांनी उचलून मोठ्या खोलीत नेऊन ठेवायचा. बायकोनं परक्याच्या घरी कंबर मोडून कमावलेली वस्तू, ती काय ट्रॅक्टरच्या तेलानं माखलेल्या विजारीवर ओतायची? त्याचं मन धजायचं नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. दर रविवारी चर्चमधून आला की तो मोठ्या खोलीचं दार उघडून उंबऱ्यात उभा राहायचा. पाकिटं बंद होती, तरी खोलीभर त्यांचा वास भरून राहिलेला असे. फुलांचा म्हणावा तर आपल्याकडच्या कुठल्याच फुलाचा नाही. तेक्लाच्या अंगाला आता असाच वास येत असणार, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. छाती भरून तो वास घ्यायचा, दार ओढून घ्यायचा आणि जेवायला बसायचा. त्या दिवशी शिळी मामालिगा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, तीसुद्धा त्याला गोड लागायची.

स्वतःचे कपडे तो साबणानं धुवायचा, आणि तो साबणही त्याचा त्यानंच केलेला. नाताळाआधी डुक्कर कापलं की उरलेल्या चरबीत कॉस्टिक सोडा घालून तेक्ला दरवर्षी अंगणात काहिलीत साबण शिजवायची. ती गेल्यावर चरबी वाया जाऊ लागली, तेव्हा हा ढवळायला काठी घेऊन उभा राहिला. तेक्लाच्या वड्या लोण्याच्या रंगाच्या असायच्या. याच्या झाल्या तपकिरी, आणि वास जळक्या चरबीचा. प्रोफिरा, म्हणजे तेक्लाची थोरली बहीण, शेजारीच राहते. ती कुंपणावरून म्हणाली, "निकिफोर, हा साबण आहे की गाडीचं टायर?"

उपासाच्या दिवसांत, ईस्टरला काही आठवडे असताना, तेक्लाचा फोन आला.

"म्हातारी गेली रे."

"देव तिचं भलं करो," निकिफोर म्हणाला.

"ईस्टरला घरी येतेय."

तो खाटेवर टेकला. "आणि मग?"

"मग काय? एजन्सीवाली बाई म्हणते, दुसरा एक म्हातारा आहे, लगेच या. ईस्टरनंतर आठवड्यानं, पितरांच्या सोमवारी, मितिकाची गाडी परत निघतेय, जागा धरायला सांगितलीय. बघू."

बघू! निकिफोरनं फोन दुसऱ्या कानाला लावला. 'जाऊ नकोस' म्हणायचं, झालं. छप्पर केव्हाच झालं होतं, मुलीचं लग्न झालं होतं, दोघांपुरतं मळ्यातून निघत होतं. पण असले शब्द त्याला आयुष्यात कधी जमले असतील तर शपथ. त्याच्या तोंडून काय निघालं असेल?

"शेळी व्यायली," तो म्हणाला.

"बरं झालं," तेक्ला म्हणाली आणि फोन ठेवला.

बोलता येत नाही ना, मग करून दाखवायचं. तेक्लाला असं काही अंथरूण घालून द्यायचं की तिचा पाय इथून निघता कामा नये, असं त्यानं ठरवलं. पण चादरी धुवायच्या कशानं? गावच्या दुकानातून त्यानं निळ्या पिशवीतली पावडर आणली. मोठ्या खोलीतलं इटलीचं एक पाकीट, देवासमोर क्रॉसची खूण करून, फोडलं. आणि स्वतःच्या साबणाची एक वडी किसून घेतली. एकाच ताग्यातल्या तीन चादरी जुन्या गोल मशीनमध्ये तीन वेळा पाणी बदलून धुतल्या आणि आक्रोडाला बांधलेल्या दोरीवर शेजारी शेजारी वाळत घातल्या. मग प्रोफिराला हाक मारली.

"ताई, जरा या. कुठली कशात धुतलीय ते मी सांगत नाही. कुठली चांगली?"

प्रोफिरा आली ती हात पुशीतच. पहिली चादर तिनं चिमटीत धरली. "ही दुकानातली. कडकडीत लागतेय, पापडासारखी." दुसरीला नाक लावलं आणि डोळे मिटले. "अगं आई! ही इटलीची. पांढरी बघ कशी, डोळ्यांवर येते." तिसरीपाशी गेली आणि दोन पावलं मागे सरली. "आणि ही तुझी. ही तू घे बाबा अंगावर, तुला शोभते."

"मऊ तर आहे की," निकिफोर पुटपुटला.

"मऊ आहे, पण पिवळट दिसतेय. ती आता तिकडच्या टापटिपीला सरावलेली बाई. या चादरीवर झोपवलंस तर सोमवारची कशाला वाट बघेल? दुसऱ्या दिवशीच चालत निघेल पादोव्ह्याला!"

झालं, निकाल लागला. निकिफोरनं दोन चादरी, अभ्रे, पडदे, टॉवेल, सगळं इटलीच्या पावडरीत घातलं, आणि पावडर हात सैल सोडून मापाच्या दुप्पट ओतली. अंथरूण कुठे घालायचं हा प्रश्नच नव्हता. बायको इतक्या वर्षांनी येतेय, तिला काय चुलीच्या खोलीत खाटेवर निजवायचं? त्यानं मोठ्या खोलीतला उशांचा ढीग उतरवला आणि मानाच्या पलंगावर पांढरंशुभ्र अंथरूण घातलं. दारातून ते पुन्हा पुन्हा बघून घेतलं.

ईस्टरआधीच्या गुरुवारी सकाळी मितिकानं तिला फाटकाशी उतरवलं. केस आखूड कापलेले, गालांची हाडं वर आलेली, पण चाल तीच, भांडायला निघाल्यासारखी. प्रोफिरानं उपासाचा रस्सा पाठवला होता तो तिनं दोनदा घेतला. शेळीचं पिल्लू बघितलं. छप्पर बघितलं.

"दोन रात्री गाडीत काढल्यास," निकिफोर म्हणाला. "पड जरा. अंथरूण तयार आहे." आणि मोठ्या खोलीचं दार असं उघडलं की जणू राणीच आलीय.

तेक्ला उंबऱ्यात थबकली. आत गेली, दार लावलं. निकिफोर ओसरीवर लसूण सोलत बसला, शीळ घालीत. तो लसूण सोलून व्हायच्या आत ती उशी काखेत मारून बाहेर आली. डोळे लाल झालेले.

"नाही येत झोप."

"का गं? नीट निघालं नाही का? मी दुप्पट घातली होती..."

"निकिफोर, या वासात मी सहा वर्षं एका बाईला कुशीवरून कुशीवर वळवलंय. सकाळी धुतलेली चादर दुपारी परत धुवायची, याच पावडरीत. डोळे मिटले की तिची घंटी ऐकू येते मला! बाराशे मैल गाडीत धक्के खात आले, आणि तू मला पुन्हा तिच्याच घरात नेऊन झोपवलंस."

निकिफोरच्या हातातला लसूण हातातच राहिला. "मला वाटलं... मला वाटलं तो तुझा वास आहे. दर रविवारी मी तिथे..." आणि मग सगळंच सांगून टाकलं, उंबऱ्यात उभं राहायचं, छाती भरून घ्यायचं, सगळं.

तेक्लानं काखेतली उशी ओसरीवर टाकली. मग तिचा आवाज चढला, पण वेगळाच. "अरे शहाण्या, ती वापरायला पाठवायचे मी! तुझी कॉलर स्वच्छ असावी म्हणून, देवाच्या पायाशी रचायला नाही. आणि मोठी खोली? मी पाहुणी आहे का तुझी? पाहुणे काय करतात, ठाऊक आहे ना? चार दिवस राहतात आणि जातात!"

आपल्याच हातानं आपण तिला रस्ता दाखवला, असं त्याला वाटून गेलं.

"तू कशावर झोपतोस?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चुलीच्या खोलीत शिरली. खाटेवर तीच तिसरी चादर होती. तिनं टोक उचलून वास घेतला. नाक मुरडलं. पुन्हा घेतला.

"हा साबण कुणी केला?"

"मी."

"सोडा जास्त झालाय. आणि तळ लागू दिलास. ढवळत नव्हतास का?"

"ताई बोलवायच्या, मध्येच जावं लागायचं..."

"तळ लागला," ती पुन्हा म्हणाली, आणि चपला काढून, भिंतीकडे तोंड करून, त्याच्या खाटेवर आडवी झाली. प्रोफिरा संध्याकाळी घावन घेऊन आली तेव्हासुद्धा ती घोरत होती. निकिफोर दारात पहारा दिल्यासारखा उभा होता. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि प्रोफिराला घावनांसकट परत पाठवलं.

ईस्टर झाला. अंडी लाल रंगवली, झाडांच्या बुंध्यांना चुना लावला, मुलगी जावयाला घेऊन येऊन गेली. पण तेक्लाची बॅग दाराशी तशीच उभी, चेन लावलेली. तिनं काही सांगितलं नाही, यानं विचारलं नाही. येता-जाता बॅगेला पाय लागायचा आणि निकिफोर ती पुन्हा सरळ उभी करून ठेवायचा.

पितरांच्या सोमवारी सगळं गाव कबरस्तानात जातं. कबरींवर चादर अंथरून जेवण मांडायचं आणि गेलेल्यांच्या नावानं काही ना काही वाटायचं. कुणी पेले वाटतं, कुणी टॉवेल, कुणी गोड पाव. तेक्लानं हातगाडी काढली आणि मोठ्या खोलीतली सगळी पाकिटं तिच्यात भरली. गाडी ढकलायला निकिफोर.

"सिन्योरा आदेलेच्या आत्म्यासाठी," म्हणत ती प्रत्येकाच्या हातात एकेक पाकीट ठेवू लागली.

"कबरीवर पावडर वाटतात होय गं?" प्रोफिरानं विचारलं, आणि विचारता विचारता दोन घेतली.

"तिला स्वच्छतेचं वेड होतं ताई. पोचेल तिला." तेक्लाचे डोळे भरले होते. चिडली कितीही, तरी सहा वर्षं त्या म्हातारीचं केलं होतं तिनं.

मितिकाही बापाच्या कबरीवर वाइन शिंपडायला आला होता. "तेक्ला, दुपारी निघायचंय. बॅग कुठेय तुझी?"

निकिफोरनं हातगाडीचा दांडा घट्ट धरला.

तेक्लानं शेवटचं पाकीट मितिकाच्या हातात दिलं. "सिन्योरा आदेलेच्या आत्म्यासाठी."

"देव पावो. पण तुझी जागा?"

"कुणाला तरी दे. नाताळाआधी डुक्कर कापलं की साबण कोण करणार? हा? याचा साबण बघितलायस का तू?"

मितिका हसत निघून गेला. निकिफोर रिकाम्या हातगाडीपाशी तसाच उभा. आत्ता कुठे झाडांना पालवी फुटत होती. नाताळ कुठे राहिला होता!

"मग..." त्यानं हातगाडी घराकडे वळवली. "बाजारातून डुकराचं पिल्लू आणायला हवं."

"दोन आण," तेक्ला म्हणाली. "आणि सोडा मी मोजणार."