पठारावरचा पक्का खांब

धाकटा मोजणीदार पिऊन आरसा धरतो, अशी कुजबूज एके काळी आमच्या कचेरीत होती. खोटं कशाला बोलू, तिला तिखटमीठ लावून चार घरी पोचवण्यात मीही मागे नव्हतो.

भाऊ दोघे. थोरला इतका काटेकोर, की चहात साखर घालतानाही चमच्याला पाणसळ लावेल. खचदरी दर वर्षी किती रुंदावते ते मोजायचं, हे त्यांचं काम. दरीपासून लांब, शेजारच्या पठारावर एक खांब होता. तिथला खडक जुना, टणक. तो हलायचा नाही, असं धरून सगळी मापं तिथूनच घेत. त्या खांबावर यंत्र लावून थोरला, आणि पठाराच्या काठावरच्या खांबावर आरसा लावून धाकटा. यंत्रातला प्रकाश आरशावरून परतला, की अंतर कळायचं. दोन्ही खांब दरीबाहेरचे, म्हणजे त्यांच्यातलं अंतर बदलायला नको. पण ते दर वर्षी तीन-चार मिलिमीटरनं वाढायचं.

"नीट धर की रे! हात कापतात का?" थोरला वायरलेसवर ओरडायचा.

"हात कुठला, दादा? आरसा खांबाला आवळलाय. तुझाच खांब हलत असेल, बघ की एकदा."

"माझा? उद्या म्हणशील, सूर्यच उशिरा उगवला!"

हा किस्सा चहाच्या वेळी रंगला. कुणीतरी म्हणालं, जाताना घोटभर घेत असेल. थोरल्यानं ते खोडलं नाही. अहवालात 'आरसा धरणाऱ्याची हयगय' असं लिहून मोकळा झाला.

धाकट्याची नोकरी गेली. बायकोला घेऊन तो बंदरावर ओझी वाहायला गेला. तिथून त्यानं दादाला तीन पत्रं लिहिली. तिन्हींत एकच मागणं: खांब तपास. थोरल्यानं उत्तर दिलं नाही. चौथं पत्र धाकट्याच्या बायकोचं आलं, तो गेल्याचं.

त्यानंतर नऊ वर्षांनी उपग्रहावरून माप घेणारी यंत्रं आली. दोन वर्षांची मापं जमल्यावर ती बसवणारी मुलगी थोरल्याला म्हणाली, "काका, दरी ताणली जाते तेव्हा शेजारचं पठारही सुटत नाही. तेही ताणलं जातं, त्याचे तुकडे पडतात, तुकडे कलतात. तुमचा खांब तसल्याच तुकड्यावर आहे. वर्षाला साडेतीन मिलिमीटर सरकतो."

थोरला त्याच दिवशी बंदराला गेला. धाकट्याच्या बायकोपुढे त्यानं नव्या मापांचा कागद ठेवला.

"मला यातलं काय कळतंय, भाऊजी?"

"तो बरोबर होता."

"ते मला ठाऊकच होतं. ज्याला सांगायला हवं होतं, तो कुठाय आता?"

परत आल्यावर त्यानं जुना अहवाल दुरुस्तीला मागितला. साहेब म्हणाले, "मेलेल्या माणसासाठी कशाला उकरता?" मग चहाच्या वेळी तो आम्हा सगळ्यांपुढे उभा राहिला.

"माझा भाऊ कधीच पीत नव्हता," तो म्हणाला. "खांब माझा सरकत होता."