जबाबात नसलेली नळकांडी

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी चौकात पोलिसांनी अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या. एक आमच्या गल्लीत पडली. आई घरात होती. मी कूलर सुरू केला.

तीन महिन्यांनी मी चौकशीच्या साहेबांसमोर उभी होते. समोर खुर्ची होती. तिच्यावर फायली होत्या. त्यांनी फायली हलवल्या नाहीत आणि मला बसा म्हटलं नाही.

“घर कुठं?”

मी सांगितलं.

“हं. विहाराच्या मागं. म्हणजे मोर्च्यात होतेच तुम्ही लोक.”

“मोर्चा पाण्याच्या टाकीसाठी होता. आम्ही नव्हतो त्यात. आम्ही दोघीच राहायचो. आई तांदूळ निवडत होती.”

“घरात बसून गॅस लागला?”

“कूलरमधून.”

ते कारकुनाकडे वळले. “ऐकलं का हो? आता कूलरले आरोपी करा.”

कारकून हसला. माझेही ओठ हलले. आईच्या मरणावरच्या विनोदाला मी हसून साथ दिली. ते मी विसरू शकत नाही.

आमच्याकडे कूलर खिडकीला बाहेरून लावतात. त्याची पाठ गल्लीकडे असते. तो बाहेरची हवा ओढतो आणि वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून आत फेकतो. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्या दुपारी शेजारच्या काकू ओरडल्या, “दार लाव वं पोरी, धूर येऊन राह्यला!” मी दार लावलं. फटीत ओला टॉवेल कोंबला. आईला दमा होता. ती म्हणाली, “कूलर लाव माय, जीव घाबरून राह्यला.” मी बटण पूर्ण फिरवलं. वारा नीट लागावा म्हणून तिची खाट कूलरसमोर ओढली.

डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं. आई खोकायला लागली. मला वाटलं, दाराच्या फटीतून येतंय. मी आणखी एक टॉवेल कोंबला.

दुसऱ्या दिवशीही मी कूलर लावला. तिसऱ्या दिवशीही. ऊनच तसं होतं. रोज दुपारी तिचा खोकला वाढायचा. पाचव्या दिवशी सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं, “घरात कूलर आहे का?” अश्रुधुराची बारीक भुकटी असते, ती ताट्यांवर बसते, पंखा फिरला की पुन्हा उडते, असं त्यांनी समजावलं. दम्याच्या माणसाला थोडीही पुरते. त्याच आठवड्यात आई गेली.

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. लोक पुस्तक मागतात, मी देते. त्याहून जास्त बोलणं होत नाही. कूलर मी लावला, हे तीन महिने मी कुणाजवळ बोलले नव्हते. साहेबांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं.

“मग झालं तर,” ते म्हणाले. “तुमच्याच हातानं झालं ना? शिकलेल्या दिसता. उगा सरकारच्या नावानं बोंब कायले? करा सही.”

खरं सांगते, सही करायला मी तयार होते. कुणीतरी मला एकदाचं दोषी म्हणावं, असं मला वाटत होतं. पण न वाचता सही करायची मला सवय नाही.

कारकुनानं लिहिलेला सहा ओळींचा जबाब. आईस जुना दमा होता. ऊन कडक होते. मुलीने स्वतः कूलर लावला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मी पुन्हा वाचला. त्यात आई होती, ऊन होतं, मी होते. नळकांडी नव्हती. त्या कागदावर आमच्या गल्लीत काही पडलंच नव्हतं.

“यात नळकांडी नाही.”

“ते सगळ्यांनाच माहीत आहे.”

“मग लिहा.”

“मॅडम, त्यानं आई परत येणार आहे का?”

“नाही.”

मी फायली उचलून जमिनीवर ठेवल्या. खुर्चीवर बसले. कोरा कागद मागितला. साहेब काहीतरी बोलत होते, ते मी ऐकलं नाही. आधी नळकांडी पडली, असं लिहिलं. मग कूलर मी लावला, तेही लिहिलं. ते मी गाळणार नव्हते. खाली सही केली आणि पोच मिळेपर्यंत उठले नाही.

गल्लीत अजून खोकणारे आहेत. एकीचे डोळे दुपार झाली की गळायला लागतात. मी घरोघर गेले. म्हटलं, आपापलं लिहून द्या, मी मदत करते. लोकांनी चहा दिला, विषय बदलला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “काऊन वाढवून राह्यली वं? तुई माय येनार हाय का वापस?” साहेबांनीही हेच विचारलं होतं. काकूंना मी दोष देत नाही. मोर्च्याच्या केसमध्ये त्यांचा मुलगा त्या दिवसापासून कोर्टाच्या तारखांना जातो. आता त्या माझ्याशी जपून बोलतात. बाकीचे बोलत नाहीत.

मी आता एकटीपुरता स्वयंपाक करते. पहाटे मलाही खोकला येतो. विचारायला घरात कुणी नाही.

आमच्या गल्लीतून एकच जबाब गेला आहे. तो माझा आहे. तो मी मागे घेणार नाही.