दिव्यातला सेल

मे महिन्यात शाळा बंद झाली की आमच्या घरात एकच प्रश्न असायचा, लेकीला दिवसभर ठेवायचं कुठे? नवरा मुंबईला नोकरीला, मी वसई पश्चिमेला एका सीएच्या ऑफिसात. सासूबाई कणकवलीजवळ गावी, आणि आजारी सासऱ्यांना सोडून त्यांना येता येत नव्हतं. पूर्वेला एव्हरशाईन सिटीत आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये एक बाई सुट्टीत मुलांना सांभाळायच्या आणि हस्तकला शिकवायच्या. कागदकाम, मातीकाम, रंग, मग डबा, मग झोप. मुलं त्यांना टीचर म्हणायची, म्हणून आम्हीही टीचरच म्हणायचो. त्या मूळच्या जवळच्याच वटार गावच्या, बागायतदारांच्या घरातल्या. मदतीला त्यांची जाऊ असायची.

मी स्वभावानेच भित्री. पाच वर्षांच्या पोरीला कुठे ठेवायचं म्हणजे आधी सगळं बघून घेतल्याशिवाय माझा जीव राहत नाही. खिडक्यांना ग्रिल होतं. कात्र्या बोथट टोकाच्या होत्या. ग्लू गन माळ्यावर ठेवलेली, बाथरूमची कडी मुलांच्या हाताला न लागणारी. "ताई, अजून काही बघायचंय का?" टीचरनी हसून विचारलं. मी ओशाळले, पण निर्धास्त होऊन घरी आले. पहिले काही दिवस लेक रोज काहीतरी घेऊन यायची. कागदी मासा, डाळी चिकटवलेला मोर. मला वाटलं, सुटलो.

त्या दुपारी ऑफिसात जेवून मी नुकतीच जागेवर बसले होते. टीचरचा फोन आला.

"ताई, मी हिला घेऊन रिक्षात बसलेय. आपल्या इथल्या हॉस्पिटलला चाललोय. तुम्ही तिथेच या."

"काय झालं? पडली का?"

"पडली नाही. डब्याला हात लावला नाही तिने. लाळ गळतेय, गिळता येत नाहीये. आणि एका दिव्यातला सेल सापडत नाही."

मला काही कळेना. कसला दिवा, कसला सेल? मग त्यांनी सांगितलं. सकाळी कागदी कंदील करायला घेतले होते. आत ठेवायला बॅटरीवरचे छोटे प्लास्टिकचे दिवे आणले होते, ज्यांच्या बुडाशी नाण्यासारखा चपटा सेल असतो. लेकीच्या दिव्याचं झाकण उघडं होतं आणि आत काही नव्हतं. टेबलाखाली, चटईखाली, सगळीकडे शोधून झालं होतं.

"तिला विचारलंत?"

"विचारलं. आधी नाही म्हणाली, मग हो म्हणाली. ताई, मी थांबले नाही. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, उलटी काढू नका, तशीच घेऊन या. तुम्ही फोनवर तिच्याशी बोला, ती पानी मागतेय, मी देत नाहीये." एरवी मुलांसमोर जपून बोलणाऱ्या त्या बाईंच्या तोंडून गावाकडचं 'पानी' आलं, तेव्हा त्याही किती घाबरल्यात ते मला कळलं.

लेकीचा आवाज आला. "आई," एवढंच. घोगरा, कफ साचल्यासारखा. मी काय बोलले ते आठवत नाही.

पूर्वेला जाणाऱ्या पुलावर गाड्या अडकलेल्या होत्या. रिक्षावाल्याला मी पुन्हा पुन्हा म्हणत होते, "दादा, काढा ना हो बाजूने." त्याने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं आणि मग खरंच फटीफटीतून रिक्षा काढली. मी मनाशी घोकत होते, पोटात गेला असेल तर बाहेर पडेल, लहानपणी मी स्वतः चिंचोके गिळलेत, काही होत नाही.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा एक्स-रे काढून झाला होता. डॉक्टर तरुण होते. फिल्म उजेडाला धरून त्यांनी मला गळ्याच्या खाली एक पांढरा गोल दाखवला. "नाणं असतं तर एकच कडा दिसली असती. इथे दोन कडा दिसतायत, बघा. सेलच आहे, आणि अन्ननलिकेत अडकलाय. तिथे अडकला की तो आतून भाजायला लागतो. काढावा लागेल, लगेच."

"भाजतो म्हणजे?"

"भोक पाडू शकतो. कधी गिळला?"

मी टीचरकडे पाहिलं. "दिवे खाऊच्या सुट्टीनंतर वाटले," त्या म्हणाल्या. "त्यानंतर कधीतरी." डॉक्टरांनी आतल्या सिस्टरला हाक मारून भूलतज्ज्ञांना बोलवायला सांगितलं.

लेकीला आत नेताना तिने माझी ओढणी धरली होती. सिस्टरने तिची बोटं एकेक करून सोडवली.

नवऱ्याचा फोन येतच होता. तो निघाला होता, पण पोचायला वेळ लागणार होता. "त्या बाईला मी सोडणार नाही," तो ओरडला. टीचर माझ्या शेजारीच बाकावर बसल्या होत्या, त्यांना ऐकू गेलं. त्या उठून गेल्या नाहीत.

"मीच आणले ते दिवे," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "झाकणाला स्क्रू नाही, हे मी बघितलंच नाही."

त्यांना शिव्या घालाव्या असं एकीकडे वाटत होतं, आणि दुसरीकडे त्यांनी उठून जाऊ नये म्हणून मी त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं. त्या कॉरिडॉरमध्ये मला एकटीला बसवलं नसतं.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात एक छोटी बाटली होती. तळाशी सेल, एका बाजूने काळाठिक्कर. "निघाला. आत जखम आहे, पण आरपार गेलेली नाही. तरी पुढचे काही दिवस धोक्याचे. आतून रक्तस्राव होऊ शकतो."

ते दिवस मला फोनच्या त्या दुपारपेक्षा अवघड गेले. लेकीला सलाइन, तोंडाने काही नाही. ती वरणभात मागायची आणि मी तिच्या उशीवर लाल डाग शोधायचे. ती खोकली की मी उभी राहायचे. नवरा पहिल्या दिवशी टीचरशी एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच मला विचारलं, "आज आल्या नाहीत का त्या?"

त्या उशिरा आल्या. सगळ्या पालकांना ग्रुपवर जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं होतं त्यांनी, कुठलाही आडपडदा न ठेवता, आणि घरातले असले दिवे, रिमोट, गाणारी खेळणी तपासा म्हणून बजावलं होतं. अर्ध्याहून जास्त पालकांनी त्याच दिवशी मुलं काढून घेतली होती.

"का लिहिलंत?" मी विचारलं.

"दुसऱ्या एखाद्या घरी ताटलीपुढे पोरगं बसेल आणि जेवणार नाही. त्यांना वाटेल लाड करतंय," त्या म्हणाल्या. "मलाही आधी तसंच वाटलं होतं. थोडा वेळ मी तिला रागावलेसुद्धा."

नवरा खिडकीकडे तोंड करून उभा होता. मग त्याने कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्यांच्यापुढे ठेवली.

लेक घरी आली. आधी पेज, मग गुरगुट्या भात. जखम भरताना नळी आकसू शकते असं सांगितलं होतं, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली आणि सगळं ठीक निघालं. त्या संध्याकाळी तिने पोळीचा पहिला मोठा घास घेतला. आम्ही दोघं आपापली ताटं विसरून बघत होतो. घास खाली उतरला.

"असं काय बघता?" ती वैतागून म्हणाली. "मला अजून एक पोळी हवीय."

मी उठले. तव्यावर पोळी टाकून मी पुन्हा तिच्याकडेच बघत राहिले, पोळी करपायला लागली तेव्हा नवऱ्याने मागून येऊन गॅस बारीक केला.