दिसणार नाही अशी जागा

सुगंधाक्का माणसाच्या तोंडाकडे पाहायचीच नाही. मलकपेठेतलं सासऱ्यांचं घर सोडून आम्ही चिक्कडपल्लीत राहायला आलो त्या दिवशी ही शेजारीण आमच्या दारात येऊन उभी राहिली. तिची नजर माझ्या मानेपासून निघाली, खांदे, दंड, कंबर करत घोट्यांपर्यंत उतरली आणि मग ती म्हणाली, "वैनी, तुमच्यात जागा लई आहे." सामान अजून जिन्यात पडलेलं, आणि ही बाई माझ्या अंगाचं माप घेत होती. मला शिसारी आली. ती शिसारी पुढे कितीतरी वर्षं गेली नाही.

तिच्या पुढच्या खोलीत पार्लर होतं. वॅक्सचा करपलेल्या गुळासारखा वास आमच्या देवघरापर्यंत यायचा. दुपारी झाडू मारला की गिऱ्हाइकांचे केस माझ्या उंबऱ्याशी येऊन थांबायचे. अक्काच्या तोंडात जर्दा, बोटांच्या पेरांवर न जाणारी निळी शाई. मूळचा धंदा गोंदायचा. ती त्याला तेलुगूतलं पच्चाबोट्टूच म्हणायची. लहानपणी एका म्हातारीच्या हाताखाली जत्रांमधून शिकली होती. मधे तो धंदा बसला, कारण शिकलेल्या घरांतून गोंदण नकोसं झालं. मग केबल आली, गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले, आणि त्या क्लासच्या मुली फुलपाखरू नाहीतर एखादं अक्षर काढून घ्यायला अक्काकडे येऊ लागल्या. बेगम बाजारातून तिने सेलवर चालणारं यंत्र आणलं. त्याच्या सुया ज्या पातेल्यात उकळायच्या त्याच पातेल्यात ती चहा टाकायची. मी तिच्याकडे कधी पाणीसुद्धा प्यायले नाही.

खरं सांगायचं तर तिला चित्र काढता येत नव्हतं. तिचं फुलपाखरू माशीसारखं दिसायचं. मुली यायच्या त्या कुणाला दिसणार नाही अशा जागेसाठी. "सुईला दोन मिन्टं लागतात, जागेला आठ दिवस," असं ती म्हणायची आणि पहिल्या दिवशी यंत्राला हातही लावायची नाही. ठरलेल्या जागी मेंदीचा ठिपका काढून मुलीला घरी धाडायची. आठ दिवस घरात कुणाच्या नजरेला तो पडला नाही तरच पुढचं. तेवढ्यानेही भागायचं नाही. रविवारी सकाळी ती मुलीला साडी नेसवायची आणि स्वतः सासू होऊन स्टुलावर बसायची. दार सताड उघडं, त्यामुळे भाजी निवडता निवडता मला सगळं दिसायचं.

"वाढ. वाकून वाढ. वाळवण उचल. केस वर बांध. आता सासऱ्याच्या पाया पड. थांब, दिसलं. चल, दोन बोटं खाली घेऊ."

मुली हसून लोळायच्या. अक्का हसायची नाही. "आईपासून लपवणं सोपं असतं पोरी, आई तोंड बघती. सासू पाठ बघती," हे वाक्य तर मी पन्नासदा ऐकलं असेल. उद्या ज्यांनी संसार करायचा त्या पोरींना ही बाई लपवाछपवीचे धडे देत होती, आणि वर त्यात शिस्त होती, याचीच मला जास्त किळस यायची.

एकदा न राहवून मी तिला म्हटलं, "अक्का, जे लपवावं लागतं ते करायचंच कशाला?"

"हौ वैनी, बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "पण पोरगी चार बोटं जागा मागती हो. बाकीचं अंग तर सगळ्यांनी आधीच बघून ठिवलंय, गोरं का काळं, जाड का बारीक. चार बोटं तिची तिला नक्को का?"

"आणि तुमचं कुठे आहे?" मी खवचटपणे विचारलं.

"माझं ना? जी बाई मला शेवटची आंघोळ घालंल तिला दिसंल. तिला म्हणावं, बोंबलू नक्को."

तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू असायचं, गळ्यात मात्र काही नाही. नवऱ्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. मालक दुबईला आहेत असं ती सांगायची, पण दुबईहून कधी पत्र आलं नाही की माणूस आला नाही. बिल्डिंगमधल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत नसत. मीही नाही.

माझ्या मानसीचं लग्न ठरलं ते पुण्याच्या मुलाशी. आमच्या शहराच्या पलीकडे खडकांवर काचेच्या इमारती उठल्या होत्या, त्यातल्या एका कंपनीत तो होता. घर सुशिक्षित, देणंघेणं काही नाही, मुलगा सालस. मी हवेत होते. फक्त मुलाची आई चौकस होती. मानसीच्या क्लासमधल्या मित्रांबद्दल तिने फोनवर दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी, आमची मुलगी तसली नाही, असं ठणकावून सांगितलं होतं.

आमच्या घरी हळदीला मुलीच्या अंगात ब्लाउज नसतो. जुनी साडी काखेतून गुंडाळून तिला पाटावर बसवतात. आधी घरच्या सवाष्णी हळद लावतात, मग मुलाकडच्या बायका त्याची उष्टी हळद घेऊन येतात आणि मुलीच्या पायांना, हातांना, पाठीला चोळतात. मानसी पाटावर बसली. मुलाकडची मंडळी खाली रिक्षातून उतरत असल्याची वर्दी आली, आणि तेवढ्यात बोलावणं नसताना सुगंधाक्का आत शिरली. हातात स्वतःची वाटी, तीत हळद आणि बेसन घट्ट कालवलेलं. कुणाशी न बोलता ती मानसीच्या मागे जाऊन बसली आणि तिच्या उजव्या खांद्याच्या मागे जाड लेप थापू लागली.

मला फक्त ती निळी पेरं दिसली. केस, रक्त, लोकांची अंगं चिवडणारी ती बोटं माझ्या मुलीच्या हळदीत होती. मी म्हटलं, "अक्का, हात काढा. हळद सवाष्णींनी लावायची असते."

"दोन मिन्टं वैनी. वाळू द्या, मंग जाती." तिने हात काढला नाही. मानसीच्या कानाशी ती हळूच, तेलुगूत पोरींना लाडाने म्हणतात तसं म्हणाली, "हलू नको, अम्मा."

मी तिचं मनगट धरून तिला ओढून उठवलं. पंधरा बायकांच्या देखत म्हटलं, "तुमचं कुंकू तरी कुणाच्या नावाचं आहे, ते सांगा आधी."

अक्काने पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग वाटी उचलली आणि गेली. जिन्यात ती मुलाकडच्या बायकांना वाट द्यायला भिंतीशी सरकून उभी राहिली. त्या बायकांनी येऊन अक्काच्या लेपावरूनच हळद फासली, हसल्या, फोटो काढले.

त्यानंतर मानसीने हट्ट धरला की आंघोळ आईच घालणार. न्हाणीघरात मी तिच्या पाठीवर पाणी ओतलं. बेसनाचं ढेकूळ सुटून खाली पडलं आणि त्याखालून नखाएवढं निळं अक्षर निघालं. ते अक्षर माझ्या जावयाच्या नावात कुठेही नाही.

मानसी रडत होती. "दीड वर्षापूर्वीचं आहे. ते सगळं कधीच संपलंय, आई. हळदीला असं बसवतात हे मला काल काकूने सांगितलं. मी धावत अक्काकडे गेले. तिने कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, वाकणं धरलं, वाढणं धरलं, हळद माझ्या ध्यानातच नाही आली. मला कुठं कुणी लावली?"

सासूसमोरचं वाकणं-वाढणं सगळं जिला तोंडपाठ होतं, तिला हळद कशी लावतात ते माहीत नव्हतं. मी ओल्या लुगड्यात तशीच बसून राहिले. आयुष्यात इतकी किळस मला त्या बाईची आली नव्हती, जितकी त्या न्हाणीघरात स्वतःची आली.

माफी मागायला हवी होती. मी काय केलं, तर लग्नाच्या जेवणाचं ताट झाकून तिच्याकडे पाठवलं. संध्याकाळी ते घासूनपुसून परत आलं, रिकामं देऊ नये म्हणून त्यात चिमूटभर साखर. पुढची चार वर्षं आम्ही समोरासमोरच्या दारांत राहिलो. ती "वैनी, जेवलात का" म्हणायची, मी "हो" म्हणायचे. दर वेळी वाटायचं, आज बोलू. आणि दर वेळी मी दार लोटून घ्यायचे. असल्या भित्रेपणाला दुसरं काही नाव नाही.

अक्का तापाने गेली. यायला कुणी नव्हतं. बिल्डिंगच्या बायका दारात जमल्या आणि त्यांच्यात वाद सुरू झाला, हिला सवाष्णीसारखी हळद लावायची की नाही. आंघोळ घालायला पुढे कुणी होईना. मी म्हटलं, मी घालते. हळद आणा, आणि थोडं बेसन.

"पण तिच्या मालकांचं काय?" वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं.

"मी विचारलं होतं तिला," मी म्हटलं. "आहेत." मी धडधडीत खोटं बोलले.

दार लावून घेतलं. वॅक्सचा तोच वास, त्याच डब्या. अंग धुताना मला तिचं ते गोंदण दिसलं. अक्काने स्वतःसाठी जागा फार चांगली निवडली होती. मी हळद बेसनात घट्ट कालवली, आधी तिथे जाड लेप दिला, वाळेपर्यंत त्यावर हात ठेवून बसले, आणि मग दार उघडून बाकीच्या बायकांना हळद लावायला आत बोलावलं.

कुठे होतं आणि काय होतं, असं मानसी अजून विचारते. मी तिला सांगितलेलं नाही.