आधी गाडी, मग विषय

"गाडी कितीला हाय तुझी?"

अकरावीला प्रवेश घ्यायला आलेल्या पोराला आमच्या मॅडम हा पहिला प्रश्न विचारायच्या. नाव नाही, गाव नाही, मार्क नाहीत. पोरगं 'गणित सोडू का जीवशास्त्र सोडू' असं तोंडातल्या तोंडात पुटपुटत टेबलापाशी यायचं, आणि मॅडम मनगट उलटं करून घड्याळ बघत विचारायच्या, गाडी कितीला हाय. घड्याळाची तबकडी त्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायच्या. पोरगं गोंधळून बापाकडं बघायचं. बाप म्हणायचा, तीनला. मग मॅडमचं पुढचं गणित सुरू.

वडीगोद्रीच्या अलीकडं, हायवेला लागून आमचं कॉलेज. कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. मी तिथं जीवशास्त्र शिकवतो, आणि मॅडम मराठी शिकवायच्या. तुम्ही जून महिन्यात असल्या कॉलेजच्या व्हरांड्यात कधी उभे राहिला असाल तर तिथला गोंधळ तुम्हाला सांगायला नको. सायन्सला आलेल्या पोरांपुढं जीवशास्त्र, गणित, भूगोल, मराठी, आयटी असं सगळं मांडलेलं, आणि त्यातलं काहीतरी सोडायचं. डॉक्टर व्हायचं तर जीवशास्त्र सोडून चालत नाही, इंजिनिअर व्हायचं तर गणित. आणि पंधरा वर्षांच्या पोराला काय व्हायचंय हे त्याचं त्याला तरी कुठं माहीत असतं? एक बाप तर मला म्हणाला, "सगळेच ठेवा ना सर. सोडायचं कशाला? आपलं काय जातंय?" आता बोला!

या गोंधळात आम्ही मास्तर लोक आणखी भर घालायचो. गणिताचे सर पोरांना बाजूला घेऊन सांगायचे की गणित सोडलं की दुनियेतले अर्धे दरवाजे बंद. मी म्हणायचो, माझ्याकडं ये, बाकीचे अर्धे उघडतो. मॅडमना टेबलावर बसवलं होतं ते एवढ्याचसाठी, की भाषेची बाई कुणाची बाजू घेणार नाही.

बाजू त्या घ्यायच्याच. पण एसटीची.

त्यांचा हिशोब सरळ होता. आमच्याकडं प्रयोगशाळा एकच. सकाळी भौतिकशास्त्र, मग रसायनशास्त्र, आणि जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल सगळ्यात शेवटी, साडेचारपर्यंत. आतल्या गावांकडं जाणारी शेवटची गाडी तीनला. म्हणजे आतल्या गावच्या पोरीनं जीवशास्त्र घेतलं की तिची गाडी हुकणार. एकदा हुकली तर घरचे बोलतात, चारदा हुकली तर कॉलेज बंद. असं बंद झालेलं मॅडमनी बघितलं होतं, मीही बघितलं होतं. म्हणून तीनची गाडी असली की मॅडम म्हणायच्या, जीवशास्त्र सोड, भूगोल घे. आयटीचं प्रॅक्टिकलही दुपारचंच, म्हणून आयटी सोड, मराठी घे.

यावर स्टाफरूममध्ये कुजबुज व्हायचीच. बाई स्वतःचा वर्ग भरून घेतात, असं काही जण म्हणायचे. मलाही तसं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण हायवेवरच्या गावातलं पोरगं आलं की ह्याच मॅडम त्याला म्हणायच्या, तुला कवापण गाडी हाय, मराठी सोड आन आयटी घे, मार्क भेटतात. मग आमची पंचाईत व्हायची. ह्या बाईंना नक्की पाहिजे तरी काय, ते कुणालाच समजायचं नाही.

एकदा मी भांडलोच. म्हणालो, मॅडम, पोरांची बुद्धी बघा, आवड बघा, हे एसटीचं काय लावलंय? त्या शांतपणे डबा उघडत म्हणाल्या, "सर, मला त्यातलं काय कळतं? मराठीची बाई मी. भौतिक आन रसायन मला आजबी एकच वाटतं. गाडी तेवढी कळती, म्हणून गाडी इचारते." आणि ठेच्याची वाटी माझ्याकडं सरकवली. असल्या माणसाशी भांडायचं कसं, तुम्हीच सांगा.

दर उन्हाळ्यात त्या डेपोत जायच्या. तीनची गाडी पाचला करा, पोरींचं प्रॅक्टिकल होऊ द्या, एवढीच मागणी. तिथं त्यांना खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, 'बघू मॅडम' मिळायचं. गाडी तीनलाच. आम्ही चेष्टा करायचो, मॅडम, यंदाचा चहा कसा होता? त्या म्हणायच्या, साखर जास्त होती. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जायच्या.

आणि मग वर्षा आली.

वर्षा म्हणजे आतल्या एका वस्तीवरची पोरगी. दहावीला विज्ञानात तिला चांगले मार्क होते. मी लांबूनच हेरलं होतं, ही माझ्या वर्गात पाहिजे. ती वडलांबरोबर टेबलापाशी गेली. मॅडमनी घड्याळ बघितलं, प्रश्न विचारला. पोरगी म्हणाली, तीनला. वडील म्हणाले, उशीर झालेला आमच्याकडं जमायचं न्हाई मॅडम, आधीच सांगतो. झालं. जीवशास्त्र गेलं, भूगोल आला. पोरीनं मान हलवली, सही केली आणि दोघं तीनची गाडी पकडायला गेले. मी दिवसभर मॅडमशी बोललो नाही.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं, आणि काय सांगू तुम्हाला, डेपोनं गाडीची वेळ बदलली. तीनची पाच केली! इतकी वर्षं चहा पाजणाऱ्या डेपोला नेमकी याच वर्षी उपरती झाली. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मॅडमचं अभिनंदन केलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या खिडकीतून व्हरांड्याकडं बघत होत्या.

व्हरांड्यात वर्षा उभी होती. तिचे तास एकला संपायचे आणि गाडी आता पाचला. मधले चार तास तिनं करायचं काय? वाचनालय दोनला बंद. म्हणून ती प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी यायची आणि गजाला धरून आत बघत राहायची. आत माझी पोरं कांद्याची साल काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकात डोळा घालत होती. जे प्रॅक्टिकल गाडीपायी सोडायला लावलं, तेच गाडीपायी ती बाहेरून बघत होती.

मॅडम प्राचार्यांकडं गेल्या. प्राचार्य म्हणाले, विषय बदलायची मुदत कधीच संपली. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी प्राचार्य वैतागून म्हणाले, अकरावीचा जीवशास्त्राचा पेपर ती जास्तीचा देऊन पास झाली, तर बारावीला विषय बदलून देतो. पण हजेरीत नाव येणार नाही, आणि शिकवायचं कुणी ते तुमचं तुम्ही बघा.

त्या तिथून सरळ माझ्याकडं आल्या. "सर, तिला नुसतं बसू द्या."

मी म्हणालो, तुम्हीच सोडायला लावला ना विषय? आता माझ्या गळ्यात का? रागात जरा जास्तच बोललो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बराबर हाय तुमचं. पण तिला आत घ्या आधी. मला मंग बोला, लई बोला." घेतलं आत. काय करणार?

त्या हिवाळ्यात अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता रोज तुंबायचा आणि पाचची गाडी कधी साडेपाचला, कधी सहाला यायची. तोवर वर्षा माझ्याकडं फुलं उकलत, आकृत्या काढत बसायची, आणि मॅडम पलीकडच्या बाकावर मराठीच्या वह्या तपासत बसायच्या. त्यांचं स्वतःचं घर रस्त्याच्या पलीकडं होतं, त्यांना गाडी नव्हती. तरी गाडी दिसेपर्यंत उठायच्या नाहीत. मधेच विचारायच्या, "हे पेशी म्हणजे कशानं दिसतं सर?" मी बोलावलं तर येऊन सूक्ष्मदर्शकात बघायच्या, आणि "मला तर काहीच दिसून न्हाई राह्यलं" म्हणून पुन्हा वह्यांकडं. पोरगी खुदकन हसायची. मलाही हसू यायचं.

वर्षा पास झाली. फार मार्क नाहीत, पण झाली.

जून आला. मॅडमचा तो टेबलावरचा शेवटचा जून, पोळ्याच्या सुमाराला त्या निवृत्त होणार होत्या. वर्षा एकटीच आली, तीही संध्याकाळी. दिवसभर गर्दीत मागंच उभी राहिली होती. जीवशास्त्र घ्यायचं तर गणित किंवा भूगोल सोडायचा, नाहीतर आहे ते तसंच ठेवायचं. मला वाटलं, यात विचार करण्यासारखं काय आहे? वर्षभर पोरगी बसलीय, आता नाव लिहा आणि मोकळे व्हा. मी तसं म्हणालोही.

मॅडमनी मला हातानं गप्प केलं. घड्याळ बघितलं नाही. गाडी विचारली नाही. म्हणाल्या, "या टायमाला मी काही सांगत न्हाई. तू सांग, तुला काय पाह्यजे."

पोरगी खाली बघते, रस्त्याकडं बघते. मिनिटं चालली. हायवेवरून हॉर्न ऐकू आला, पाचची गाडी फाट्यावर येऊन थांबली. वर्षानं पिशवी उचलली, गाडीकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं.

"जाऊ दे गाडी," मॅडम म्हणाल्या. "तू सांग."

मी उडालोच. ह्या बाईनं आयुष्यभर पोरींना गाडीला पळवलं होतं. आणि गाडी गेलीसुद्धा. कंडक्टरनं दोनदा बेल दिली आणि शेवटची गाडी आमच्यासमोरून निघून गेली. वर्षा रडायला लागली. रडत रडतच म्हणाली, "मॅडम, मला तवाच जीवशास्त्र घ्यायचं होतं. नर्स व्हायचं होतं. तुमी गाडी इचारली, म्हणून म्या गाडी सांगितली."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. मग भूगोलावर काट मारून जीवशास्त्र लिहिलं. त्यांचे डोळे भरले होते. मी प्रयोगशाळेचं कुलूप बघायच्या निमित्तानं आत जाऊन आलो.

बाहेर आलो तर त्या पदर सावरून तयार. "सर, तुमची गाडी कितीला हाय?"

माझी जुनी चारचाकी झाडाखाली उभी होती. निघालो तिघंही. वस्तीवर पोचेपर्यंत ढगांनी अंधारून आलं होतं, आणि वर्षाचे वडील वाटेवरच येऊन उभे होते, चेहरा उतरलेला. त्यांनी तोंड उघडायच्या आत मॅडम गाडीतून उतरल्या आणि म्हणाल्या, उशीर माझ्यामुळं झाला, पोरीला काही म्हणू नका, जे बोलायचं ते मला बोला. वडील काय बोलणार? म्हणाले, चहा घेऊन जा. चहा पिताना मॅडमनीच त्यांना सगळं सांगितलं, प्रॅक्टिकल साडेचारला सुटतं, पाचची गाडी सहज मिळते, पोरीला नर्स व्हायचंय. वडील पोरीकडं बघून म्हणाले, "मंग आधी का न्हाई बोलली?"

पोळा झाला, मॅडम निवृत्त झाल्या आणि लेकीकडं पुण्याला गेल्या. वर्षा बारावी झाली, आता नर्सिंगच्या मागं आहे. आणि या जूनला प्राचार्यांनी त्या टेबलावर मला बसवलं.

पहिल्याच दिवशी, उन्हं उतरताना, टेंभुर्णीकडून मामाच्या गावी शिकायला आलेली एक पोरगी समोर आली. गणित सोडू का जीवशास्त्र, सर? माझ्या तोंडातून आपोआप निघालं, गाडी कितीला? पाचला, ती म्हणाली. मग मी मॅडमचा दुसरा प्रश्नही विचारला, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, "तुमीच सांगा सर." आता आली का पंचाईत! मी जीवशास्त्राचा मास्तर, माझं उत्तर तयार होतं. पण ते ओठावर येईना. पोरगी सारखी रस्त्याकडं बघत होती. तेवढ्यात हॉर्न वाजला. गाडी जाऊ दे म्हणावं, असं मनात आलं. तेही जमलं नाही. जा, उद्या ये, म्हणालो. ती पळत सुटली.

मी तिथूनच पुण्याला फोन लावला. मॅडमना सगळं सांगितलं आणि विचारलं, आता उद्या हिला काय सांगू? तिकडं प्रेशर कुकरची शिट्टी झाली, नातू काहीतरी ओरडला.

"गाडी भेटली का पोरीला?" मॅडमनी विचारलं.

भेटली, मी म्हणालो.

"मंग सांगू नका काही. उद्या सकाळी परत इचारा. सकाळी पोरी रस्त्याकडं बघत न्हाईत."